ग्रँट मेडिकल कॉलेज : विच्छेदनगृहातून पाहिलेला इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की देणगीदार, प्राचार्य आणि इमारती यांची यादी आपोआप समोर येते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या बाबतीत ही यादी लांबलचक आहे आणि तिच्यातली बहुतेक नावे मुंबईच्या रस्त्यांवर, पुतळ्यांखाली आणि इस्पितळांच्या पाट्यांवर आजही वाचता येतात. पण १८४५ पासून भायखळ्याच्या या आवारात शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरची खरी सुरुवात एकाच जागी झाली, ती म्हणजे शरीररचनाशास्त्र विभागाच्या विच्छेदनगृहात. तिथे कोण शिकले, कोणी शिकवले, कोणाला बरीच वर्षे उंबरठ्याबाहेर ठेवले गेले आणि टेबलावर कोण होते, या चार प्रश्नांच्या उत्तरांत संस्थेचा जवळजवळ सगळा इतिहास येऊन जातो. म्हणून तो या खोलीतून पाहण्याचा हा प्रयत्न.

कॉलेजच्या आधी

शरीर उघडून पाहण्याची कल्पना या देशात इंग्रजांनी आणली, असे म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह अभ्यासासाठी कसा तयार करायचा याची तपशीलवार कृती आहे. देह विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेल्याचा नसावा, फार वृद्धाचा नसावा. आतड्यांतला मळ काढून तो मुंज, कुश किंवा तागात गुंडाळावा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवावा. सात रात्रींनंतर तो चांगला कुजला की वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतले सगळे अवयव डोळ्यांनी पाहावेत. शल्यशास्त्र शिकणाऱ्याने ग्रंथातले ज्ञान प्रत्यक्ष पाहून पक्के करावे, असा सुश्रुताचा स्पष्ट आग्रह होता. पुढच्या शतकांत ग्रंथाचे पठण चालू राहिले, पण पिंजरा आणि कुंचा मागे पडले. वैद्यांच्या पिढ्या हाडांची संख्या पाठ म्हणत राहिल्या आणि शस्त्र मात्र हजाम, हाडवैद्य, मोतीबिंदू काढणारे अशा वेगळ्या लोकांच्या हाती गेले.

त्या हातांत कसब नव्हते असे नाही. टिपूच्या सैनिकांनी पकडून नाक कापलेला कावसजी नावाचा इंग्रज फौजेचा गाडीवान पुढे पुण्याजवळ एका कारागिराकडे गेला आणि त्याने कपाळाची कातडी वळवून कावसजीला नवे नाक करून दिले. हा कारागीर कुंभार जातीचा असल्याचे सांगतात. कंपनीच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. कार्प्यू यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव कोणी विचारल्याची नोंद नाही. घरात बापाकडून मुलाकडे जाणारी ही विद्या अचूक होती, पण ती लिहिली जात नव्हती, तपासली जात नव्हती आणि घराबाहेरच्याला मिळत नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयाने पुढे जो फरक घडवला, तो मुख्यतः इथला आहे.

फसलेली शाळा

मुंबई इलाख्यातला पहिला प्रयत्न १८२६ चा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना सरकारने देशी लोकांसाठी एक वैद्यकीय शाळा काढली आणि डॉ. जॉन मॅक्लेनन यांना तिचे प्रमुख नेमले. शिक्षण देशी भाषांतून द्यायचे होते, आणि मॅक्लेनन यांनी मराठीत वैद्यकाची पुस्तके तयार करण्याचा उद्योगही आरंभला. सहा वर्षांनी, १८३२ मध्ये, सरकारने शाळा बंद केली. तिच्यातून लष्करी दवाखान्यांना मदतनीस मिळाले, स्वतंत्रपणे रोगी तपासणारे डॉक्टर मिळाले नाहीत.

तीनच वर्षांनी, १८३५ मध्ये, कलकत्ता आणि मद्रास येथे वैद्यकीय शिक्षणाची नवी घडी बसली. कलकत्त्यात १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शवविच्छेदन केले आणि त्याचा देशभर बोलबाला झाला. गोव्यात पोर्तुगीज सरकारने १८४२ मध्ये वैद्यकीय शाळेची रीतसर स्थापना केली. मुंबई मागे होती आणि ही गोष्ट दोघांना आधीपासूनच सलत होती. एक गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट आणि दुसरे त्यांच्या निकटचे डॉक्टर चार्ल्स मोरहेड.

ग्रँट, मोरहेड आणि जमशेटजी

रॉबर्ट ग्रँट १८३५ मध्ये गव्हर्नर झाले. मुंबईत नवे वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचा प्रस्ताव त्यांनी तयार केला, पण जुलै १८३८ मध्ये दापोडी येथे त्यांचा मृत्यू झाला. मुंबईकरांनी त्यांचे स्मारक करायचे ठरवले तेव्हा पुतळ्याऐवजी त्यांचे अपुरे राहिलेले कामच पुरे करावे, असे ठरले. लोकवर्गणी जमली, सरकारने तिला जोड दिली आणि महाविद्यालयाला ग्रँट यांचे नाव मिळाले. म्हणजे ही संस्था मुळातच स्मारक म्हणून जन्माला आली.

मोरहेड यांनी मात्र एक गोष्ट पक्की धरून ठेवली होती. रुग्णालयाशिवाय वैद्यकीय महाविद्यालय काढायचे नाही. ते एडिंबरोत शिकलेले, पुढे पॅरिसमध्ये पियेर लुई यांच्या हाताखाली तयार झालेले. रोग्याच्या खाटेशी केलेली नोंद आणि मृत्यूनंतर शव उघडून पाहिलेले सत्य यांचा ताळा घालणे, ही लुई यांची शिस्त. हा ताळा घालायला एका भिंतीला रुग्णालय आणि दुसऱ्या भिंतीला विच्छेदनगृह हवेच. रुग्णालयाचा प्रश्न जमशेटजी जीजीभाई यांनी सोडवला. चीनशी अफू आणि कापसाच्या व्यापारात मिळवलेल्या संपत्तीतून त्यांनी एक लाख रुपये दिले आणि सरकारने तितकीच रक्कम घातली. ३ जानेवारी १८४३ रोजी रुग्णालयाची आणि त्याच वर्षी ३० मार्चला महाविद्यालयाची पायाभरणी झाली. मे १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि १ नोव्हेंबर १८४५ रोजी महाविद्यालयाचे पहिले सत्र.

नोव्हेंबरात सत्र सुरू झाल्याने विच्छेदनाची सोय झाली. फॉर्मलिनचा टिकाऊपणासाठी उपयोग १८९३ नंतरचा. त्याआधी मुंबईच्या दमट हवेत मृतदेह टिकवणे फार अवघड होते, आणि थंडीचे महिनेच त्यातल्या त्यात बरे. आज उघड्या खिडक्यांच्या हॉलमध्ये डोळे चुरचुरतात म्हणून कुरकुरणाऱ्या विद्यार्थ्याने त्या पहिल्या वर्गाने कोणत्या वासात पुस्तक उघडले असेल, याचा विचार करून पाहावा.

अध्यापक तीन होते. मोरहेड प्राचार्य, आणि वैद्यकाचे अध्यापन त्यांच्याकडे. जॉन पीट यांच्याकडे शरीररचना व शस्त्रक्रिया, तर हर्बर्ट जिरॉड यांच्याकडे रसायनशास्त्र व औषधिद्रव्ये. मोरहेड यांनी इथल्या रोग्यांच्या नोंदी आणि शवपरीक्षा यांवर आधारलेला दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातल्या रोगांवरचा तो त्या काळातला एक मुख्य संदर्भग्रंथ ठरला, आणि त्याची सामग्री जमशेटजींच्या नावाच्या जे. जे. रुग्णालयाच्या खाटांवरून आणि शवागारातून आलेली होती.

पहिले आठ

१८५१ मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. मुंबई विद्यापीठ अजून जन्मले नव्हते, त्यामुळे ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’, म्हणजे जी. जी. एम. सी., हीच त्यांची पदवी. एकूण आठ जण होते : भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर, अनंत चंद्रोबा डुकले, मेरवानजी सोराबजी, बर्जोरजी दोराबजी, सेबॅस्टियन कार्व्हाल्यो, पॉल फ्रान्सिस गोम्स आणि जुझे कामिलो लिस्बोआ.

ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. तीन हिंदू, दोन पारशी, तीन ख्रिस्ती. हिंदू घरात प्रेताला हात लागला की स्नान आणि सूतक. पारशी समाजात प्रेत हाताळण्याचे काम नसेसालारांचे, इतरांनी दूर राहायचे, कारण मृतदेह म्हणजे सर्वात मोठा विटाळ. ख्रिस्ती घरात देहाचे दफन अखंड व्हावे, ही श्रद्धा. तिन्ही धर्मांच्या मुलांना एकाच टेबलाभोवती उभे राहून एकाच देहावर चाकू चालवायचा होता. समाजसुधारणेची व्याख्याने मुंबईत पुढे पुष्कळ झाली. पण स्पर्शास्पर्शाच्या समजुतीला रोजच्या रोज, वेळापत्रकाप्रमाणे तडा देणारी जागा म्हणून या खोलीचा क्रमांक फार वरचा लागतो.

या आठांनी पुढे जे केले त्यावरून ते जाणवते. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी यांनी गरिबांसाठी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर वनौषधींचे प्रयोग केले, शिलालेख वाचले, प्राचीन कालगणनेवर लिहिले आणि दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याचे संग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. आत्माराम पांडुरंग १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. अनंत चंद्रोबा यांनी देवीच्या लसीकरणात काम केले. लिस्बोआ वनस्पतिशास्त्रात शिरले आणि मुंबई इलाख्यातल्या गवतांचे जाणकार म्हणून ओळखले गेले. देह नीट पाहायला शिकलेला माणूस दगड, गवत आणि समाजही नीट पाहू लागतो, असा निष्कर्ष या तुकडीपुरता तरी काढता येतो.

हेन्री व्हँडाइक कार्टर

१८५८ मध्ये शरीररचना व शरीरक्रिया शिकवायला सत्तावीस वर्षांचा एक अबोल इंग्रज डॉक्टर आला. त्याने लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात हेन्री ग्रे यांच्याबरोबर मृतदेहांचे विच्छेदन केले होते आणि त्यावरून लाकडी ठशांवर चित्रे काढली होती. तो मुंबईला निघून आल्यावर, त्याच वर्षी, ते पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या नावाने जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी आजही जे ओळखतात, ते हेच.

हेन्री व्हँडाइक कार्टर हे चित्रकाराचे चिरंजीव. ठशावर चित्र उलटे काढावे लागते, आणि ३६३ आकृत्यांचे हे काम होते. धमनीचे, स्नायूचे नाव बाजूला आकडा देऊन तळटिपेत न टाकता त्या अवयवावरच लिहिण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्याला वरदान ठरली. या साऱ्याबद्दल त्यांना १५० पौंड एकरकमी मिळाले, विक्रीवरचा हक्क ग्रे यांच्याकडे राहिला, आणि शीर्षकपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टर यांचे नाव लहान टाइपात घेण्याची सूचना ग्रे यांनी केली. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या आजाराने वारले. पुस्तक मात्र आवृत्तीमागून आवृत्ती त्यांच्याच नावाने निघत राहिले.

कार्टर यांचे उरलेले कामाचे आयुष्य मुंबई इलाख्यात गेले. दक्षिणेकडे ‘मदुरा फूट’ म्हणून ओळखला जाणारा पायाचा आजार अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांना होई. पाय सुजे, त्याला छिद्रे पडत, त्यांतून काळे किंवा पिवळसर दाणे बाहेर येत आणि शेवटी पाय कापावा लागे. कापलेले पाय कार्टर यांनी टेबलावर घेतले, दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि हा आजार बुरशीचा आहे, असे मांडले. १८७४ मध्ये त्यांचा त्यावरचा सचित्र ग्रंथ आला. १८६३ ते १८७२ ही वर्षे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. दख्खनच्या दुष्काळात माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि १८७७ मध्ये ज्वराची साथ पसरली, तेव्हा रोग्यांच्या रक्तात वळवळणारे सर्पिल जंतू त्यांनी दाखवून दिले. काठेवाडात त्यांनी कुष्ठरोगाची पाहणी केली. काही काळ ते आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी गेले आणि १८९७ मध्ये वारले.

लंडनच्या टेबलावरचे देह वर्कहाउसमधल्या निराधारांचे होते, कारण १८३२ च्या तिथल्या कायद्याने तीच सोय करून ठेवली होती. मुंबईच्या टेबलावरचे देह बंदराच्या शहरात एकट्याने मेलेल्यांचे. कार्टर यांनी दोन्ही पाहिले. त्यांच्या आकृत्यांत चेहरा जिथे दिसतो तिथे तो शांत आणि सुस्थितीतल्या माणसाचा दिसतो, पण मूळ देह ज्यांचे होते ती माणसे समाजाच्या अगदी तळातली होती. शरीररचनाशास्त्राचा हा हिशेब सगळ्या जगात असाच आहे, आणि आपली संस्था त्याला अपवाद नाही.

मराठी वर्ग आणि वाग्भट

महाविद्यालयाची भाषा पहिल्यापासून इंग्रजी. पण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांना इंग्रजी पदवीधर पुरणार नव्हते. म्हणून १८६० नंतर इथे हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्यासाठी मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. मॅक्लेनन यांचा अर्धवट राहिलेला उद्योग असा तीन दशकांनी पुन्हा हाती घेतला गेला. या वर्गांसाठी मराठीत शारीर, औषधिद्रव्ये आणि चिकित्सा यांवर पाठ्यपुस्तके लिहावी लागली. इथेच शिकून पुढे वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधींची सूची १८७९ मध्ये इंग्रजीत केली आणि मराठीत ‘विवाहविज्ञान’ लिहिले. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई या त्यांच्या सावत्र कन्या. देशी भाषेतले हे शिक्षण पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलकडे गेले.

याच काळातले एक नाव शरीररचनाशास्त्र विभागाने विशेष अभिमानाने घ्यावे, ते डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांचे. विच्छेदनगृहात विद्यार्थ्यांना धमन्या आणि नाड्या दाखवणाऱ्या या अध्यापकाने १८८० मध्ये वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची अरुणदत्ताच्या टीकेसह चिकित्सक आवृत्ती मुंबईत छापून आणली. हस्तलिखितांचे पाठ जुळवणे आणि देहातले थर एकेक करून उलगडणे या दोन्ही कामांना लागणारी चिकाटी एकच. पाश्चात्य वैद्यक शिकला म्हणजे आपल्या ग्रंथांना पारखा झाला, या समजुतीला कुंटे यांचे उदाहरण सणसणीत उत्तर आहे. सुश्रुताचा प्रत्यक्षदर्शनाचा आग्रह ज्या खोलीत पुन्हा जिवंत झाला, तिथल्याच अध्यापकाने वाग्भट छापावा, हे योग्यच झाले.

उंबरठ्याबाहेरच्या

अडतीस वर्षे या खोलीत एकही विद्यार्थिनी नव्हती. १८८२-८३ मध्ये अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय, विलायतेतून स्त्री-डॉक्टर आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मुलींना प्रवेश, या तीन गोष्टी त्यांना हव्या होत्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून रुग्णालय झाले. एडिथ पीची त्यासाठी मुंबईत आल्या, आणि १८८३ मध्ये आपल्या महाविद्यालयाचे दार मुलींना उघडले गेले.

पीची बाईंना विच्छेदनगृहाचे राजकारण चांगले ठाऊक होते. नोव्हेंबर १८७० मध्ये एडिंबरोच्या सर्जन्स हॉलमध्ये शरीररचनेच्या परीक्षेला निघालेल्या सात विद्यार्थिनींवर जमावाने चिखल फेकला आणि दार लावून घेतले. त्या सात जणींत पीची होत्या. मुंबईत दार उघडले त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला जाण्यासाठी कलकत्त्याहून जहाजात बसल्या होत्या. मायदेशात स्त्रियांना शिकण्यासारखी सोय नाही, हे त्यांच्या जाण्याचे कारण. काही महिन्यांच्या फरकाने इतिहास किती वेगळा झाला असता, याचा हिशेब आता कोणी मांडू नये. पण एक खरे की पुढच्या पिढीतल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना अटलांटिक ओलांडावा लागला नाही. त्या भायखळ्यातच शिकल्या.

प्लेग आणि पेटिट प्रयोगशाळा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा पहिला रुग्ण ओळखला. मूळचे गोव्याच्या हडफड्याचे व्हिएगस हे आपल्याच महाविद्यालयाचे पदवीधर. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत पोचले आणि त्यांना आपल्या आवारातल्या फ्रामजी दिनशा पेटिट प्रयोगशाळेत जागा मिळाली. एक खोली, एक व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. परळची ती संस्था सर्वांना माहीत आहे. तिची पहिली लस भायखळ्याच्या व्हरांड्यात तयार झाली, याचा आपल्याकडे फारसा उच्चार होत नाही.

खुर्च्यांचा प्रश्न

या गौरवगाथेत एक बाजू सांगायची राहते. शिकणारे भारतीय, रोगी भारतीय, टेबलावरचे देह भारतीय, पण प्राध्यापकाची खुर्ची मात्र दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या युरोपीय अधिकाऱ्यांकडे. कुंटे यांच्यासारख्या विद्वानांनाही दुय्यम जागांवर काम करावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही खंत उघड बोलली जाऊ लागली. परळला १९२५-२६ मध्ये गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून नवे महाविद्यालय आणि त्याच्या जोडीला के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले, तेव्हा तिथले अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट घातली गेली. त्याचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता हे ग्रँटचेच विद्यार्थी. आपल्या संस्थेने जे दिले आणि जे नाकारले, त्या दोन्हींतून परळचे महाविद्यालय जन्मले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे खुर्च्यांवरची नावे बदलली. गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर इथेच शिकले आणि इथेच स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्याची त्यांची पद्धत १९५० च्या दशकात जगभर गेली आणि ‘शिरोडकर स्टिच’ म्हणून पाठ्यपुस्तकांत बसली. डॉ. नोशिर अंतिया यांनी जे. जे. मध्ये टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे व हात दुरुस्त करण्याला वाहून घेतले. भाऊ दाजींची वनौषधी, कार्टर यांची पाहणी आणि अंतियांचा चाकू : कुष्ठरोग्याला जवळ करण्याची ही परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे, आणि संस्थेच्या मानचिन्हांत तिला पहिले स्थान मिळायला हवे.

टेबलावरचे

आता चौथा प्रश्न. टेबलावर कोण होते? १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने याला स्पष्ट चौकट दिली. रुग्णालयात किंवा सार्वजनिक जागी मृत्यू आला आणि ठरावीक मुदतीत जवळचा नातेवाईक पुढे आला नाही, तर तो देह विच्छेदनासाठी महाविद्यालयाला देता येतो. कायद्याच्या भाषेत हे ‘बेवारस’. या शहरात कामाच्या शोधात आलेला, फलाटावर झोपलेला, गावाला पत्ता न कळवता गेलेला माणूस सगळ्यात सहज बेवारस ठरतो. गरिबाच्या देहावर विद्या शिकायची आणि ती पुष्कळदा ज्यांना परवडते त्यांच्यासाठी वापरायची, हा वैद्यकाचा जुना दोष या कायद्याने मिटत नाही. तो मिटवणे डॉक्टरांच्या हातात आहे.

गेल्या काही दशकांत देहदानाची चळवळ महाराष्ट्रात रुजली, ही समाधानाची बाब. आता टेबलावर येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, गृहिणी, स्वतः डॉक्टरही असतात. प्रथम वर्षाच्या नव्या अभ्यासक्रमात मृतदेहाशी आदराने वागणे ही शिकवायची आणि तपासायची गोष्ट म्हणून समाविष्ट झाली आहे, आणि अनेक ठिकाणी विद्यार्थी विच्छेदनाआधी शपथ घेतात. संगणकावरची त्रिमिती प्रतिमा उपयोगी आहेच. पण प्रत्येक देहात धमनी थोडी वेगळ्या वाटेने जाते, हे हाताला कळल्याशिवाय शस्त्र धरणारा हात तयार होत नाही.

पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळात या महाविद्यालयाने हजारो डॉक्टर दिले, आणि त्या प्रत्येकाचा पहिला शिक्षक कोणत्याही हजेरीपटावर नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना दोन विनंत्या. आपल्याकडे जुन्या वह्या, विच्छेदनाची रेखाटने, छायाचित्रे किंवा प्रमाणपत्रे असतील तर त्यांच्या प्रती शरीररचनाशास्त्र विभागाकडे द्याव्यात. या इतिहासाचा बराच भाग घरोघरीच्या पेट्यांत पडून आहे. दुसरी विनंती अधिक महत्त्वाची. देहदानाचा अर्ज भरावा, घरच्यांना तो निर्णय स्पष्ट सांगून ठेवावा, कारण मृत्यूनंतर विभागाला वेळेत कळवायचे काम त्यांनाच करायचे असते. ज्या टेबलाकडून आपण घेतले, त्याला परत देण्याचा याहून सरळ मार्ग नाही.